वयस्कर माणसांमधला डिलिरियम: किती जणांना होतो, कुणाला होतो आणि लक्षात का येत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयात असलेल्या आई-वडिलांबद्दल, आजी-आजोबांबद्दल वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोप्या प्रश्नांपासून अवघड अपवादांपर्यंत क्रम लावला आहे. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या घरातलं माणूस आजच अचानक वेगळं वागू लागलं असेल, तर आधी प्रश्न १७ वाचा. बाकीचं नंतर वाचता येईल.

१. डिलिरियम म्हणजे नेमकं काय?

मेंदूचं काम अचानक बिघडणं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणसाचं लक्ष टिकेनासं होतं, आजूबाजूचं भान कमी होतं, बोलणं तुटक किंवा असंबद्ध होतं, आपण कुठे आहोत हे कळत नाही. कधी नसलेली माणसं दिसतात, कधी कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय अशी खात्री वाटते. दिवसभरात हे कमी-जास्त होत राहतं. सकाळी बरं आणि संध्याकाळनंतर वाईट, असं पुष्कळदा दिसतं.

मुळाशी जवळजवळ नेहमी शरीरातलं काहीतरी असतं: जंतुसंसर्ग, पाणी किंवा क्षार कमी होणं, एखादं औषध, शस्त्रक्रिया, ऑक्सिजन कमी पडणं, कधी हृदयविकाराचा झटकाही. म्हणून ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणून गप्प बसणं धोक्याचं आहे.

२. मग हा स्मृतिभ्रंशच की! फरक कसा ओळखायचा?

दोन गोष्टी बघा: वेग आणि लक्ष. स्मृतिभ्रंश महिनोमहिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. डिलिरियमची सुरुवात घरच्यांना बहुतेक वेळा दिवसानिशी सांगता येते: ‘सोमवारपर्यंत ठीक होते.’ स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात माणूस विसरतो, पण समोर बसून लक्ष देऊन बोलू शकतो. डिलिरियममध्ये लक्षच निसटतं. डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगितले, तर नोव्हेंबर-ऑक्टोबरपर्यंत जाऊन धागा सुटतो. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असणंही नेहमीचं आहे. त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

३. वयस्कर लोकांत डिलिरियमचं प्रमाण किती?

ते वयस्कर लोक कुठे आहेत, हे आधी ठरवावं लागतं.

घरी राहणाऱ्या ज्येष्ठांची पाहणी केली तर कोणत्याही एका वेळी साधारण १ ते २ टक्के लोकांना डिलिरियम आढळतो. पंच्याऐंशीच्या पुढे हे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत गेल्याचं नोंदलं आहे. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये ते सुमारे ८ ते १७ टक्के असतं. शस्त्रक्रियेसाठी नव्हे तर इतर आजारांसाठी दाखल झालेल्या रुग्णांवरचे अनेक देशांतले अभ्यास २०२० मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी २३ टक्के निघाली. म्हणजे जवळपास चारांतला एक. इटलीत २०१५ साली एकाच दिवशी देशभरातल्या १२० वॉर्डांमधल्या ६५ वर्षांवरच्या १,८६७ रुग्णांची तपासणी झाली, त्यातही २२.९ टक्के हाच आकडा आला. वेगवेगळ्या पद्धतींनी निघालेले दोन आकडे इतके जवळ यावेत, हे या विषयात क्वचितच घडतं. त्यामुळे माझा या ‘चारांतला एक’वर बराच भरवसा आहे.

अतिदक्षता विभागात सगळे रुग्ण धरले तर साधारण तीनांतल्या एकाला डिलिरियम होतो. त्यातल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक जणांना, काही अभ्यासांत तर ८० टक्क्यांपर्यंत. आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, तासांत हे प्रमाण ८८ टक्क्यांपर्यंत नोंदलं आहे (प्रश्न १९).

४. एका लेखात ५ टक्के वाचलं, दुसऱ्यात ५० टक्के. खरं काय मानायचं?

दोन्ही खरे असू शकतात. या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिलं कारण, किती वेळा बघितलं. डिलिरियम येतो-जातो. सकाळच्या राउंडला एकदाच पाहिलं तर रात्रभर खाटेवरून उठून पळू पाहणारा रुग्ण ‘शांत, सहकार्य करणारा’ म्हणून नोंदला जातो. दिवसातून दोन-तीनदा तपासलं, रात्रपाळीच्या सिस्टरांना विचारलं, तर तोच आकडा वाढतो.

दुसरं, कसं बघितलं. प्रशिक्षित माणसाने प्रत्येक रुग्णाशी बोलून, ठरलेल्या चाचणीने तपासणं वेगळं आणि घरी सोडतानाच्या कागदावर डिलिरियम हा शब्द लिहिलाय का ते मोजणं वेगळं. दुसऱ्या पद्धतीत बहुसंख्य रुग्ण गळतात, कारण कागदावर न्यूमोनिया लिहिला जातो, भ्रम लिहिला जात नाही.

तिसरं, कुणाला वगळलं. बऱ्याच अभ्यासांत स्मृतिभ्रंश असलेले, बोलू न शकणारे किंवा संमती देता न येणारे रुग्ण घेतलेच जात नाहीत. सर्वाधिक धोका त्यांनाच असतो. ते वगळले की आकडा आपोआप खाली येतो.

खुब्याचं हाड मोडलेल्यांवरच्या दोन मोठ्या चाचण्या बघा. दोन्हींत एकच प्रश्न होता (प्रश्न ८). अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत सुमारे २० टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, चीनमधल्या चाचणीत सुमारे ५ ते ६ टक्के. हाड तेच, शस्त्रक्रियाही त्याच प्रकारची. रुग्ण निवडण्याची आणि तपासण्याची रीत मात्र वेगळी.

त्यामुळे एखादं रुग्णालय ‘आमच्याकडे डिलिरियम फारच कमी’ असं सांगत असेल, तर मी आधी विचारेन की तुम्ही तो कसा शोधता.

५. दाखल होतानाच असलेला डिलिरियम आणि नंतर झालेला डिलिरियम वेगळे का मोजतात?

दाखल होतानाचा आकडा घरी काय घडलं ते सांगतो: आजार किती उशिरा लक्षात आला, औषधं कशी चालली होती. नंतर नव्याने झालेल्यांचा आकडा रुग्णालयातली देखभाल कशी आहे ते दाखवतो. प्रतिबंधाचा कार्यक्रम यशस्वी झाला का, हे या दुसऱ्या आकड्यावरच तपासता येतं. दोन्हींची बेरीज करून एकच टक्केवारी दिली असेल तर तुलना करताना जपून राहा.

६. सर्वांत जास्त धोका कुणाला?

स्मृतिभ्रंश असलेल्यांना, आणि बाकी सगळे त्यांच्यामागे. त्यानंतर आधी कधी डिलिरियम होऊन गेलेले, खूप वय झालेले, अशक्त आणि दुसऱ्यावर अवलंबून असलेले, एकाहून अधिक जुने आजार असलेले, कमी दिसणारे, कमी ऐकू येणारे, रोज मद्य घेणारे.

भांडं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर एक थेंबही पुरतो. धडधाकट साठीच्या माणसाला डिलिरियम व्हायला गंभीर जंतुसंसर्ग किंवा मोठी शस्त्रक्रिया लागते. नव्वदीच्या, स्मृतिभ्रंश असलेल्या आजींना झोपेची एक गोळी किंवा चार दिवसांची बद्धकोष्ठताही पुरते. ‘एवढ्याशा कारणाने कसं झालं?’ असं घरचे विचारतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

७. रुग्णालयात गेल्यावर नेमकं कशामुळे सुरू होतं?

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्येष्ठ रुग्णांमध्ये पाच निमित्तं ठळकपणे पुढे आली: हात-पाय बांधून ठेवणं, कुपोषण, एकदम तीनपेक्षा जास्त नवी औषधं सुरू होणं, लघवीची नळी, आणि उपचारांतूनच झालेली एखादी इजा किंवा गुंतागुंत. यादी जुनी आहे, पण आजही कोणत्याही वॉर्डात तपासून पाहावी अशी आहे. तिच्यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या, म्हणजे देखभाल करणाऱ्यांच्या, हातातल्या आहेत.

औषधांमध्ये झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या, गुंगी आणणारी जुनी ॲलर्जीची औषधं, नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन यांकडे लक्ष ठेवा. ओपिऑइड गटातल्या वेदनाशामकांनी डिलिरियम होऊ शकतो, पण वेदना तशाच सोसायला लावल्या तरीही तो होतो. म्हणून भीतीपोटी वेदनाशामक बंद करू नका. मात्रा डॉक्टरांना ठरवू द्या. रोजची झोपेची गोळी एकदम तोडली तरी डिलिरियम होऊ शकतो, तेव्हा तीही स्वतःहून बंद करू नका.

८. पूर्ण भूल देण्याऐवजी मणक्यात इंजेक्शन दिलं तर डिलिरियम टळेल ना?

असं वाटणं स्वाभाविक आहे आणि कित्येक वर्षं डॉक्टरांनाही तसं वाटत होतं. प्रश्न ४ मध्ये उल्लेख केलेल्या दोन चाचण्या, २०२१ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नेमकं हेच तपासण्यासाठी होत्या. पहिलीत मणक्यातली भूल घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के आणि पूर्ण भूल घेतलेल्यांपैकी १९.७ टक्के जणांना डिलिरियम झाला. दुसरीत ६.२ आणि ५.१ टक्के. दोन्हींत फरक नगण्य. भुलीचा प्रकार भूलतज्ज्ञांना रुग्णाच्या हृदय-फुप्फुसांच्या स्थितीप्रमाणे ठरवू द्या. घरच्यांनी आपली शक्ती चष्मा, श्रवणयंत्र आणि औषधांची यादी यांवर खर्च करावी (प्रश्न १६).

९. वडील काहीच त्रास देत नाहीत, दिवसभर झोपून असतात. तरी डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हे कसं?

आरडाओरडा करणारा, सलाइन उपसून काढणारा रुग्ण म्हणजे डिलिरियम, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. ज्येष्ठांमध्ये गप्प प्रकार जास्त आढळतो: माणूस मंद होतो, हाक मारली तर उशिरा ओ देतो, जेवता जेवता डोळे मिटतो, कशातच रस घेत नाही. काहींमध्ये दोन्ही रूपं आलटून पालटून दिसतात. अतिदक्षता विभागातल्या एकत्रित आकड्यांत गप्प प्रकार सुमारे १७ टक्के रुग्णांत, मिश्र प्रकार १० टक्क्यांत आणि निव्वळ आक्रमक प्रकार फक्त ४ टक्क्यांत आढळला.

याला ‘थकलेत’, ‘उदास झालेत’, ‘आज छान झोपले’ अशी नावं मिळतात. मला सगळ्यात जास्त काळजी याच रुग्णांची वाटते. ते कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांचं कारण कुणी शोधत नाही. गिळताना ठसका, पाठीवर जखमा, पायात रक्ताची गुठळी हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं, आणि अनेक अभ्यासांत त्यांचा शेवट जास्त वाईट झाल्याचं दिसलं आहे.

१०. डॉक्टर-सिस्टर रोज बघतात, तरी सुटतं कसं?

सुटतं. आपत्कालीन विभागातल्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३०३ ज्येष्ठांपैकी २५ जणांना डिलिरियम होता आणि त्यातले १९ जण तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले नाहीत. पंचविसांपैकी तेवीस जण गप्प प्रकारातले होते. अभ्यास लहान आहे, पण चित्र ओळखीचं आहे: गर्दी, दोन मिनिटांचं बोलणं, आणि हा माणूस एरवी कसा असतो हे समोरच्याला माहीत नसणं.

यासाठी सोप्या चाचण्या आहेत. ‘कॅम’ ही पद्धत १९९० पासून वापरात आहे. ‘फोर-ए-टी’ दोन मिनिटांत होते आणि तिला खास प्रशिक्षण लागत नाही. पण सगळ्यात सोपा प्रश्न घरच्यांना विचारायचा असतो: ‘हे अलीकडे जास्त गोंधळलेले वाटतात का?’ कुणी विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा. ‘हे असे नसतात, परवापर्यंत स्वतःचे हिशेब स्वतः करत होते’ हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.

११. लघवीच्या तपासणीत जंतू सापडले. म्हणजे कारण सापडलं का?

इथे बरेच जण फसतात, रुग्णालयंसुद्धा. वृद्धाश्रमासारख्या दीर्घकाळ देखभालीच्या ठिकाणी राहणाऱ्या २५ ते ५० टक्के वृद्ध स्त्रियांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू आढळतात. पुरुषांमध्येही हे प्रमाण कमी नाही. लघवीची नळी बराच काळ असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. त्यामुळे डिलिरियम आणि लघवीतले जंतू एकाच माणसात निव्वळ योगायोगाने भेटू शकतात.

ताप, थंडी वाजणं, लघवीला जळजळ, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं असं काही असेल तर संसर्ग मानून उपचार करणं योग्य. यातलं काहीच नसेल आणि माणूस बाकी स्थिर असेल, तर अँटिबायोटिक सुरू करून शोध थांबवणं घातक ठरू शकतं. खरं कारण तुंबलेली लघवी, नवी गोळी, न दिसलेलं फ्रॅक्चर किंवा मेंदूभोवती साचलेलं रक्त असू शकतं.

१२. ताप नाही, खोकला नाही, फक्त बरळतात. तरी गंभीर आजार असू शकतो?

हो. कोविडच्या साथीत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत आलेल्या ८१७ कोविडबाधित ज्येष्ठांपैकी २८ टक्क्यांना येतानाच डिलिरियम होता. त्या डिलिरियमग्रस्तांपैकी ३७ टक्के जणांना ताप किंवा धाप यांसारखी नेहमीची लक्षणं नव्हती. वाढत्या वयात न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, पोटातला संसर्गही असेच गुपचूप येतात आणि मेंदू पहिली खूण देतो.

१३. किती दिवसांत उतरतो? आणि जिवाला धोका किती?

बऱ्याच जणांमध्ये काही दिवसांत उतरतो, सगळ्यांमध्ये नाही. दाखल ज्येष्ठांवरच्या अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांत घरी सोडताना ४५ टक्के जणांमध्ये लक्षणं शिल्लक होती, महिन्याने ३३ टक्के, तीन महिन्यांनी २६ टक्के आणि सहा महिन्यांनी २१ टक्के. म्हणून ‘घरी गेले की आठवड्यात पूर्ववत होतील’ असं ठाम आश्वासन देऊ नये आणि घेऊही नये. औषधं वेळेवर कोण देणार, पैशांचे व्यवहार कोण बघणार, याची सोय आधीच करा.

मृत्यूबद्दल: २०१० मधल्या एका एकत्रित विश्लेषणात सरासरी २३ महिन्यांच्या पाठपुराव्यात डिलिरियम झालेल्यांपैकी ३८ टक्के आणि न झालेल्यांपैकी २७.५ टक्के रुग्ण दगावले. डिलिरियम झालेले आधीच जास्त आजारी असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण वय, इतर आजार, आजाराची तीव्रता आणि स्मृतिभ्रंश यांचा हिशेब वजा केल्यावरही जोखीम जवळपास दुप्पट राहिली.

१४. आईला स्मृतिभ्रंश आहेच. मग तिचा डिलिरियम ओळखायचा कसा?

तिच्या कालच्या स्वतःशी तुलना करून. नाव विसरणं जुनं असेल, पण आज ती चमचा तोंडाशी नेईनाशी झाली असेल, डोळे उघडे ठेवेना किंवा रात्रीत चिडखोर झाली असेल, तर तो बदल नवा आहे. स्मृतिभ्रंश असलेल्यांमध्ये डिलिरियमचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत २२ ते ८९ टक्के सापडलं आहे. इतका रुंद पल्ला का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

एक खरा अपवाद: लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात लक्ष कमी-जास्त होणं आणि नसलेली माणसं, प्राणी दिसणं हे मूळ आजाराचंच लक्षण असतं. तिथे फरक तज्ज्ञांनाही अवघड जातो. शंका असेल तर डिलिरियम धरून कारण शोधावं. अशा रुग्णांना भ्रम शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून हे निदान झालं असेल तर प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा.

१५. एकदा डिलिरियम झाला की पुढे स्मृतिभ्रंश होतोच का?

होतोच असं नाही, धोका मात्र वाढतो. फिनलंडमधल्या व्हान्ता इथल्या ८५ वर्षांवरच्या रहिवाशांच्या अभ्यासात डिलिरियम होऊन गेलेल्यांमध्ये नव्याने स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त निघाली. ऑस्ट्रेलियात स्मृतिभ्रंश नसलेल्या ५५,००० हून अधिक जोड्यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. डिलिरियम झालेल्यांना पुढच्या काळात स्मृतिभ्रंशाची जोखीम तिप्पट होती, आणि डिलिरियमच्या प्रत्येक पुढच्या खेपेबरोबर ती साधारण २० टक्क्यांनी वाढत गेली.

डिलिरियम मेंदूला इजा करतो, की आधीच दडून बसलेला स्मृतिभ्रंश उघडा पाडतो? माझ्या मते दोन्ही घडत असावं, आणि प्रत्येक खेपेमागे जोखीम वाढणं पहिल्या शक्यतेला बळ देतं. व्यवहारात अर्थ एकच: दुसरी खेप टाळायची.

१६. टाळता येतो का?

रुग्णालयात होणाऱ्या डिलिरियमपैकी अंदाजे ३० ते ४० टक्के टाळता येतो, आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज दिवस-तारीख-जागेची आठवण, लवकर उठवून चालवणं, रात्री गोळीऐवजी शांतता आणि गरम पेय, चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसं पाणी एवढंच मिळालं. त्या गटात ९.९ टक्के, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. पण एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर त्याची तीव्रता दोन्ही गटांत सारखीच होती. कामाची वेळ आधीची आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

तुमच्या वाट्याची कामं: चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र घरी ठेवू नका. सगळ्या गोळ्यांची यादी न्या, अधूनमधून घेतल्या जाणाऱ्याही. ओळखीचं कुणीतरी जवळ बसू द्या. लघवीची नळी अजून हवी आहे का, हे रोज विचारा.

१७. घरी अचानक सुरू झालं. कधी न्यावं?

त्याच दिवशी. झोपेतून उठवता येत नसेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, तोंड वाकडं झालं असेल, धाप, छातीत दुखणं, फिट, खूप ताप किंवा डोक्याला मार असेल तर त्याच क्षणी. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर तपासा. ती कमी असणं हे मिनिटांत दुरुस्त होणारं कारण आहे. बरोबर औषधांची पिशवी घ्या आणि बदल कधीपासून झाला ते लिहून ठेवा. निघण्याआधी झोपेची गोळी देऊ नका.

१८. औषध देऊन शांत करता येत नाही का?

शांत करता येतं, बरं करता येत नाही. अतिदक्षता विभागातल्या ५६६ रुग्णांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॅलोपेरिडॉल किंवा झिप्रासिडोन देऊन डिलिरियमचा काळ कमी झाला नाही. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करेल अशी परिस्थिती असेल, किंवा त्याला असह्य भीती वाटत असेल, तर डॉक्टर थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी औषध देतात, आणि ते योग्य आहे. हात बांधल्याने मात्र डिलिरियम वाढतो (प्रश्न ७).

महत्त्वाचा अपवाद मद्य अचानक सुटल्यामुळे होणाऱ्या डिलिरियमचा. एरवी टाळायच्या बेंझोडायझेपिन गोळ्या तिथे मुख्य उपचार असतात. तो शेवटच्या पेयानंतर साधारण दोन ते चार दिवसांनी सुरू होतो, म्हणजे नेमका दाखल झाल्यावर. वडील रोज घेत असतील तर संकोच न करता सांगा, आणि खरं प्रमाण सांगा.

१९. बरा न होणारा कर्करोग आहे, अखेरचे आठवडे आहेत. आता डिलिरियमचं कारण शोधण्यात अर्थ आहे का?

पुष्कळदा आहे. वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात डिलिरियमच्या जवळपास निम्म्या खेपा उलटवता आल्या. औषधांमुळे किंवा पाणी कमी पडल्याने झालेला डिलिरियम लवकर उतरला; फुप्फुसं निकामी होत गेल्यामुळे झालेला सहसा उतरला नाही. औषधाची मात्रा बदलून, तुंबलेली लघवी काढून, बद्धकोष्ठता दूर करून माणूस आणखी काही दिवस घरच्यांशी बोलू शकत असेल, तर तेवढे प्रयत्न करावेत. त्यासाठी सुया टोचत राहणं किंवा स्कॅनसाठी हलवणं रुग्णाला नको असेल, तर ते करू नये. हा निर्णय त्याने आधी काय सांगून ठेवलंय त्यावर घ्यावा.

इथेही औषधांबाबत सावध राहा. ऑस्ट्रेलियात परिहार सेवेतल्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमधल्या, २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम डिलिरियमसाठी रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल घेणाऱ्यांचा त्रास नुसती निष्क्रिय मात्रा घेणाऱ्यांपेक्षा जास्त राहिला. मृत्यू अगदी जवळ असेल आणि तगमग थांबत नसेल, तेव्हा गुंगीचं औषध देऊन आराम देणं वेगळं. ते कधी सुरू करायचं, हे परिहार सेवेच्या डॉक्टरांशी वेळ असतानाच बोलून ठेवा, कारण मध्यरात्री ते बोलणं फार कठीण होतं.